डाव्या कानामागे बोट

आयाळ्याने नौदलात जावं की जाऊ नये, यावर त्याच्याखेरीज सगळ्यांचं मत ठरलेलं होतं. आईचं म्हणणं, जावं. घरी राहिलं तर पोरगं लोळून लोळून पलंगाला खड्डा पाडील. आत्याचं म्हणणं, मुळीच जाऊ नये. ज्याला आंघोळीला चार हाका माराव्या लागतात, तो समुद्रात काय दिवे लावणार. शेजारच्या टेलरकाकांचं म्हणणं, गणवेश पांढराशुभ्र असतो तेव्हा जावंच. पांढऱ्या कापडावर शिलाई उठून दिसते. लेखी परीक्षा झाली होती, धावणं-पोहणं झालं होतं, डॉक्टरांनी उलटासुलटा करून तपासलं होतं. आता सोमवारी भरतीच्या कार्यालयात जाऊन हो किंवा नाही, एवढंच सांगायचं उरलं होतं. आणि आयाळ्याचं आपलं एकच पालुपद, “विचार चाललाय.”

“चाललाय कुठला, बसलाय तुझा विचार,” आई म्हणाली. “त्याला जरा हलवून उठव.”

मत नसलेले एकटे वडील. त्यांचं कोपऱ्यावर दोन खुर्च्यांचं सलून होतं, आणि त्या दुकानात हवामानापासून गिऱ्हाइकाच्या सासुरवाडीपर्यंत कशावरच मत नाही असं कधी झालं नव्हतं. पण मुलाची गोष्ट निघाली की ते वस्तरा पुसत म्हणत, “त्याचं तो ठरवील.”

आयाळ्या हे अर्थातच गल्लीने ठेवलेलं नाव. केस खांद्यापर्यंत. सलूनवाल्याचा मुलगा, आणि तीन वर्षं डोक्याला कात्री नाही. गिऱ्हाइकं टोमणे मारत, “घरात एवढं रान माजलंय आणि तुम्ही आमच्या डोक्याला हात घालता?” वडील शांतपणे सांगत, “ती दुकानाची पाटी आहे. कात्री लावली नाही तर काय होतं, ते लोकांना कळायला नको?”

आता खरी गोष्ट सांगते. आयाळ्याला समुद्राची भीती नव्हती. वादळाची नव्हती, पहाटे उठण्याचीही फारशी नव्हती. भीती होती ती कटिंगची. कारण केसांखाली कान होते. कान तसे कानांसारखेच होते, फक्त डोक्याला धरून राहण्याची त्यांना सवय नव्हती. सातवीत मागच्या बाकावरच्या मुलाने भर वर्गात हात वर करून सांगितलं होतं, “सर, ह्याला कान मिटायला सांगा. फळा दिसत नाही.” सरसुद्धा हसले होते. पुढे केस वाढवायची मुभा मिळताच त्याने ते वाढवले, आणि कानांचा विषय बंद झाला. आता देशाच्या सेवेसाठी तो पुन्हा उघडायचा की काय, हा विचार दोन आठवडे चालला होता. पण हे सांगणार कुणाला? जीव द्यायला तयार आहे पण कान दाखवायला तयार नाही, असं म्हणणाऱ्याला कोण घेईल?

रविवारी दुपारी गर्दी ओसरली, वडिलांनी शटर अर्धं ओढलं. त्याखालून वाकून आयाळ्या आत आला.

“बाबा, नेव्हीत केस किती ठेवतात हो?”

“ठेवत नाहीत.”

“अगदीच?”

“बोटात धरता येणार नाहीत इतके.”

आयाळ्या आरशासमोर उभा राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “मग एक करा. डाव्या कानामागचे, आतल्या बाजूचे, एवढेसेच घ्या. वरचे केस खाली पडले की कुणाला दिसणार नाही. मला फक्त बघायचंय.”

“काय बघायचंय?”

“कसं वाटतं ते.”

वडिलांनी आणखी विचारलं नाही. त्यांनी टॉवेलने खुर्ची झटकली, त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि त्याच्या डाव्या कानामागे बोट ठेवलं.

हे बोट महत्त्वाचं. आयाळ्याला लहानपणापासून त्या एकाच जागी भयंकर गुदगुल्या व्हायच्या. मशीन जवळ आलं की डोकं एकीकडे आणि मान भलतीकडे. वडिलांनी युक्ती काढली होती: आधी तिथे बोट दाबून ठेवायचं, मग बोटाच्या कडेकडेने मशीन न्यायचं. बोट असलं की पोरगं पुतळा. तीन वर्षांनंतरही वडिलांचा हात आपोआप तिथे गेला. मशीन सुरू झालं.

तेवढ्यात शटरखालून जेवणाचा डबा आला आणि डब्यामागून आई.

“ठरलं?” आई म्हणाली. मग मुलाच्या गळ्यातलं कापड बघून तिने प्रश्नचिन्ह काढून टाकलं. “ठरलं.”

वडील वळले. बोट उचललं गेलं, मशीन राहिलं. आयाळ्या खुर्चीत असा उसळला की मशीन कानापासून थेट माथ्यापर्यंत गेलं. मागे एक सरळ, स्वच्छ रस्ता तयार झाला, आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी डावा कान उभा.

“अगं, थांब जरा...” वडील म्हणाले. पण खुर्चीजवळ नुसता डबाच होता. आई टेलरकाकांच्या दुकानात पोचलीसुद्धा होती.

“झाकलं जाईल ना?” आयाळ्याने विचारलं. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते.

वडिलांनी इकडचे केस तिकडे नेऊन पाहिले, तिकडचे इकडे. रस्ता काही बुजेना. “उजवीकडून थोडं जुळवून घेतो,” ते म्हणाले.

या धंद्यात ‘थोडं जुळवून घेतो’ हे वाक्य फार धोक्याचं. उजवी बाजू घेतल्यावर डावीकडचे मागचे केस भरघोस वाटू लागले. ते घेतल्यावर कपाळावरची झुलपं उगीच पाहुण्यांसारखी दिसायला लागली. ती काढली तर माथ्यावर नुसता तुरा उरला. तुरा ठेवून माणूस बाहेर पाठवायचा, तर दुकानाचं नाव गेलं. शेवटी डोकं सगळीकडून सारखं झालं तेव्हा ते अचूक नौदलाचं झालेलं होतं.

आणि हे चालू असतानाच माणसं यायला लागली होती. अर्धं कापलेलं डोकं घेऊन खुर्चीतून उठता येत नाही, त्यामुळे आयाळ्याला जागच्या जागी सत्कार घ्यावा लागला. टेलरकाका टेप घेऊनच आले आणि गळ्यातल्या कापडासकट मापं घेऊ लागले.

“छाती फुगवू नकोस. माप देताना सगळे फुगवतात, मग शर्ट ढगळ झाला की शिव्या आम्हाला.”

“काका, अहो मी अजून ठरवलेलं नाही.”

“असं का? मग हे डोकं कुणाचं कापलंय, माझं?”

“ते चुकून झालं.”

“तुझ्या बाबांकडून?” टेलरकाका इतके मनापासून हसले की टेप सुटला. “एकदा ह्या दुकानाच्या दारात ट्रक खांबावर आदळला, तेव्हासुद्धा माझे कल्ले सरळ निघाले होते. बाळा, तोंडाने नाही म्हणून आता काय उपयोग? डोक्याने हो म्हटलंय.”

समोरच्या चहावाल्याने न मागता चहा पाठवला. आत्या मात्र तावातावाने आली; आपल्याला न विचारता ठरलंच कसं, हे विचारायला. शटरखालून वाकून ती सरळ झाली आणि तिच्यासमोर आले ते कान. आयाळ्याला सातवीचा वर्ग आठवला. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले.

“अगं बाई,” आत्या हळूच म्हणाली, “हे तर आपल्या अण्णांचे कान.” अण्णा म्हणजे आयाळ्याचे आजोबा.

आई पुढे आली. एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने बघून म्हणाली, “विसरलेच होते मी. केवढे मोठे झाले रे.”

“अण्णांना तीन गल्ल्यांपलीकडचं भांडण घरबसल्या ऐकू यायचं,” आत्या पदराने डोळे टिपत म्हणाली. “जाऊ दे पोराला. बोटीवर ऐकू येणारं माणूस लागतं.”

झालं. ‘नको’ म्हणणारं एकुलतं एक माणूसही पलीकडे गेलं.

संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर आयाळ्या बादलीतलं पाणी टाकायला दारात आला, आणि वारा त्याच्या कानांना थेट भेटला. कितीतरी दिवसांनी. टेलरकाकांचं मशीन, कुठल्याशा स्वयंपाकघरातली भांडी, वळणावर थांबलेल्या सायकलचा ब्रेक, सगळं वेगवेगळं ऐकू आलं. पलीकडच्या गॅरेजमधला मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला, त्याच्याकडे नीट बघत राहिला. आयाळ्या श्वास रोखून उभा.

“हलकं वाटत असेल ना?” मेकॅनिक म्हणाला आणि परत गाडीखाली गेला. बस, एवढंच.

आत वडील जमिनीवरचे केस गोळा करत होते. ढीग चांगला मोठा झाला होता.

“हे बघ,” ते मान वर न करता म्हणाले. “केस परत येतील. तुला जायचं नसलं तर नको जाऊस. लोकांचं मी बघतो. सांगीन, माझा हात घसरला.”

हे वाक्य म्हणायला वडिलांना किती जड गेलं असेल, ते ज्याने आयुष्यभर एकच काम चोख केलं आहे त्यालाच कळेल. आयाळ्याला कळलं.

“कुणाला पटणार नाही, बाबा.”

“नाही पटलं तर आणखी एकदोघांची बिघडवून दाखवीन.”

आयाळ्याने त्यांच्या हातातला झाडू घेतला. “तुम्हाला कानांचं माहीत होतं?”

“केस वाढवणारा प्रत्येक माणूस काहीतरी झाकत असतो. धंदा आहे माझा. म्हणून तर तुझ्या वाटेला गेलो नाही.”

आयाळ्या थोडा वेळ झाडत राहिला. आधीच झाडलेली जागा त्याने पुन्हा झाडली. मग म्हणाला, “उद्या जाऊन सांगून येतो.”

“काय?”

“हो म्हणून.”

वडिलांनी घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि त्याची परत घडी घातली.

सोमवारी दुपारी आयाळ्या परतला तेव्हा दुकानात शाळेतले गुरुजी तोंडभर फेस घेऊन बसले होते आणि आई दारात वाट बघत होती.

“पंधरा दिवसांनी हजर व्हायचंय,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशी सामान देतात, मग केस कापतात.”

वडिलांचा वस्तरा गुरुजींच्या गालावर थांबला. “काय करतात?”

“केस कापतात. सगळ्यांचे.”

“तुझे कापलेत.”

“तेच म्हटलं मी. तर म्हणाले, परत कापायचे. नियम आहे.”

“कोण कापतं?”

“असेल कुणीतरी. रांग असते म्हणे. एकेकाला दोन मिनिटं.”

वडिलांनी वस्तरा खाली ठेवला. “मग नाही जायचं.”

इतके दिवस ज्या माणसाला मतच नव्हतं, त्याचं मत हे असं आलं. आईने कपाळाला हात लावला. “अहो, समुद्र चालला तुम्हाला, वादळ चाललं, आणि कटिंग चालत नाही?”

“दोन मिनिटांत डोकं होतं? भाजी चिरतात का तिकडे?”

“माझा दुसरा गाल...” गुरुजी फेसातून म्हणाले.

“थांबा हो गुरुजी. घरचा प्रश्न आहे.”

घरचा प्रश्न पंधरा दिवस पुरला. वडिलांचा मुद्दा साधा होता: ज्याला त्या डोक्याची ओळख नाही, त्याने त्याला हात लावू नये. जायच्या सकाळी त्यांनी स्वतःच त्याच्या डोक्यावरून पुन्हा मशीन फिरवलं, आणि बॅग दारात आल्यावर ते तडजोडीला आले. “त्या माणसाला एवढंच सांग. डाव्या कानामागे आधी बोट ठेव म्हणावं, मग मशीन लाव.”

“बाबा, तिथे असं सांगता येत नाही. तिथे फक्त हो सर म्हणतात.”

“मग हो सर म्हण आणि सांग.”

प्रशिक्षण केंद्रातली रांग खरोखरच लांब होती. भिंतीशी एक खुर्ची, जमिनीवर ढीगभर केस, आणि खुर्चीमागे डोळ्यांवर जाड चष्मा लावलेला वयस्कर माणूस. दारात एक अधिकारी घड्याळ बघत उभा. आयाळ्या खुर्चीत बसला. त्या माणसाने सवयीने त्याचं डोकं पुढे वाकवलं, मशीन उचललं आणि तो थांबला. त्याने चष्मा वर केला. मानेवरून, कानांच्या वळणावरून अंगठा फिरवला.

“कुणी कापलेत?”

“वडिलांनी, सर.”

“मी सर नाही.” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, “यात मी आता काय कापू?”

दारातला अधिकारी खाकरला. वयस्कर माणसाने मशीन चालू केलं आणि डोक्यापासून बोटभर वर, हवेतच, गंभीर चेहऱ्याने सगळीकडून फिरवलं. एक केसही पडला नाही. पण मशीन डाव्या बाजूला आलं आणि नुसत्या आवाजानेच आयाळ्याची मान खांद्यात गेली. सांगायला त्याने तोंड उघडलं. तोवर त्या माणसाने, मशीन चालू ठेवूनच, त्याच्या डाव्या कानामागे बोट दाबून धरलं होतं.

संध्याकाळी घरी फोन लावला तर आईच्या आधी वडिलांनीच उचलला.

“कापले?”

“कापले.”

“बोट ठेवलं?”

“ठेवलं. न सांगता.”

मग वडील म्हणाले, “असं होय. मग माणूस कामाचा दिसतो.” आणि इतक्या दिवसांत जे त्यांना एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं. “आणि समुद्र कसा आहे रे?”

“अजून दाखवलाच नाही. दोन टेकड्यांपलीकडे आहे म्हणे.” आयाळ्याने फोन एका कानापासून दूर केला आणि दुसरा कान खिडकीकडे वळवला. “इथल्या कुणालाच ऐकू येत नाहीये, बाबा. मला येतोय.”