आईची डबी

शनिवारी सकाळी चष्मेवाल्याने बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली, तिच्यावर चष्म्याच्या सात जुन्या डब्या ओळीने मांडल्या आणि लेकीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. मुलांना घरच्या घरी खेळता खेळता शिकवावं, आणि बिचाऱ्या नाकाला तर कुणी काही शिकवतच नाही, असं त्याने दुकानात रिकाम्या वेळी मोबाइलवर वाचलं होतं. ते त्याला पटलं होतं. त्याचा सगळा धंदा लोकांच्या नाकावर उभा होता, पण स्वतःचं नाक मात्र बाराही महिने चोंदलेलं. आपल्याला जे जमलं नाही ते मुलांकडून करून घ्यावं, ही हौस जशी सगळ्या बापांना असते तशी त्यालाही होती.

लेक साडेचार वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. आज मात्र ती मांडी घालून बसली आणि डबीमागून डबी हुंगत सुटली.

"लवंग. साबण. लिंबू. कॉफी. बुटाचं पॉलिश. शी, लसूण!"

"शाब्बास! आणि ही?"

"ही रिकामी आहे."

बाबाने डबी उघडून पाहिली. खरंच रिकामी होती. आतला कापसाचा बोळा घालायचाच राहिला होता.

"मग हिच्यात आई घाल," भिंगरी म्हणाली आणि रुमाल वर सरकवून दारामागच्या खुंटीकडे पळाली.

आई लिफ्ट दुरुस्त करायची. नव्या तऱ्हेच्या लिफ्टचं काम शिकायला कंपनीने तिला दूरच्या शहरात पाठवलं होतं. तीन आठवडे झाले होते, तीन उरले होते. जाताना तिचा कामाचा निळा शर्ट खुंटीवर तसाच राहिला, आणि त्याच शर्टाने घर तगवून धरलं होतं. भिंगरी रोज त्याच्या कॉलरमध्ये नाक खुपसून झोपायची. ती झोपली की बाबा हळूच एक बाही आपल्या नाकाशी धरायचा. त्याच्या नाकात काही म्हणजे काही शिरत नसे, पण बाही सोडवतही नसे. बायकोची आठवण यायची, आणि ती सांगायची कुणाला?

खुंटी मोकळी होती. "आईचा शर्ट कुठंय?" भिंगरी ओरडली.

"तो होय?" न्हाणीघरातून आत्याचा आवाज आला. "दोनदा घासला तेव्हा कुठे कॉलरची काळी रेघ गेली. मग चांगल्या वासाच्या पाण्यात बुडवून ठेवला!"

आत्या म्हणजे चष्मेवाल्याची थोरली बहीण. घर सांभाळायला आली होती, आणि घर सांभाळायचं म्हणजे दिसेल ते धुवायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. ती आल्यापासून भिंगरीचा पिवळा फ्रॉक सापडत नव्हता. तो आत्याने धुऊन धुऊन संपवला, असाच सगळ्यांचा समज होता.

भिंगरीने दोरीवरचा ओला शर्ट ओढून तोंडाशी धरला.

"ही आई नाही," ती म्हणाली. "ही दुकानातली आहे."

ती रडली असती तर बरं झालं असतं. रडण्यावर घरात दोन-चार उपाय होते. ती रडली नाही. रिकामी डबी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसली.

"अगं, मला काय स्वप्न पडलं होतं?" आत्या ओल्या हातांनी उभी राहिली. "मळका शर्ट कुणी जपून ठेवतं का?"

"संध्याकाळपर्यंत आईची डबी तयार करतो. नक्की!" बाबा बोलून गेला. बोलून गेल्यावर त्याला घाम फुटला. बायको हरवली तर तिचा फोटो दाखवता येतो. बायकोचा वास कुणाला विचारायचा?

त्याने बाकीच्या डब्या पिशवीत कोंबल्या आणि दुकान गाठलं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत बघत तो बायकोचा वास आठवत राहिला. पावडर? तेल? तिचं हसताना डावा डोळा बारीक करणं आठवलं, कपाळावरचा तीळ आठवला. वास काही आठवेना. या गडबडीत निवृत्त मुख्याध्यापिका बाई नवा चष्मा न्यायला आल्या, आणि त्याने तो हाताला लागेल त्या डबीत घालून दिला.

पाऊण तासात बाई परत आल्या.

"लांबचं दिसतंय. जवळचं दिसतंय. आणि दोन्ही बघताना डोळ्यांतून पाणी येतंय. हुंगा!"

चष्मेवाल्याने डबी नाकाशी नेली. "छान आहे की."

"छान? लसूण आहे तो! बसमध्ये शेजारची बाई उठून गेली हो!"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. बाईंचा राग उतरत गेला. शेवटी त्या खुर्ची ओढून बसल्या.

"तुमच्या मिसेसनी एकदा मला बंद पडलेल्या लिफ्टमधून काढलं होतं. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले होते. हे कुठे बोलू नका. पण वास पक्का लक्षात आहे. ग्रीस, आणि पेपरमिंट."

"पेपरमिंट?"

"सारखी गोळी असते त्यांच्या तोंडात. तुम्हाला माहीत नाही?"

नव्हतं माहीत. आठ वर्षांचा संसार, आणि बायको कसली गोळी चघळते हे लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईंकडून कळावं! चष्मेवाला ओशाळला. आपण बायकोला नुसतं डोळ्यांनी ओळखतो की काय, असं त्याला वाटलं, आणि ते त्याला फार लागलं.

संध्याकाळी सतरंजीवर मंडळी जमली. बाई स्वतःहून आल्या होत्या, येताना पेपरमिंटची पुडी घेऊन. आईच्या हत्यारांच्या पेटीतून ग्रीसचा डबा निघाला. अपराधी चेहऱ्याने आत्याने आईचा साबण किसून दिला. भिंगरीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला गेला.

पहिला बोळा.

"ही आई कामावर आहे. मला घरी आलेली आई पाहिजे."

"ग्रीस कमी करा," बाईंनी हुकूम सोडला.

दुसरा बोळा.

"जवळ आली," भिंगरी म्हणाली. सगळ्यांनी श्वास रोखला. "पण जिन्यातच थांबली."

"घाम हवा," आत्या म्हणाली. "मी घासलेली कॉलर आहे, मला ठाऊक. त्यात घाम होता."

घाम आणायचा कुठून? सगळ्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. तो निमूटपणे पाच मजले चढून उतरला, पुन्हा चढून उतरला आणि धापा टाकत परत आला. बाईंनी त्याच्या मानेवरून बोळा फिरवला. तिसरी डबी तयार झाली.

भिंगरीने ती नुसती लांबून हुंगली. "हा बाबा आहे. आई गेली."

तिच्या डोळ्यांवरचा रुमाल ओला व्हायला लागला होता. तेवढ्यात आईचा रोजचा फोन आला.

"तिला काही सांगायचं नाही," चष्मेवाला कुजबुजला. "तिकडे एकटी आहे, उगाच जिवाला लावून घेईल."

"आई," भिंगरी फोनवर म्हणाली, "आत्याने तुला धुतलं."

पलीकडून हसू फुटलं. ते हसू बराच वेळ चाललं आणि शेवटी शेवटी ते हसू राहिलं नाही.

"ताईंना फोन दे," आई नाक ओढत म्हणाली. "ताई, तुम्ही वाईट नका वाटून घेऊ. तो पिवळा फ्रॉक तुम्ही नाही हरवलात. मी आणलाय चोरून. न धुतलेला. उशीखाली ठेवत होते. काल इथल्या मावशींनी चादरींबरोबर तोसुद्धा धुऊन टाकला. कालपासून मला काही सुचत नाहीये हो."

 आत्या फोन हातात धरूनच उठली आणि पदर खोचून तिने घराची सूत्रं हातात घेतली.

"ऐक गं," ती फोनमध्ये ओरडली, "तू एक शर्ट अंगावर चढव आणि मळव चांगला! इकडे हिचा फ्रॉक मी बघते. तीन दिवस अंगावरून काढू देणार नाही!" आणि फोन ठेवल्यावर घराला बजावलं, "कुणी साबणाला हात लावला तर माझ्याशी गाठ आहे."

जिने दारावरच्या नावाच्या पाटीलाही साबण लावला होता, तीच आत्या तीन दिवस भिंगरीला न्हाणीघराच्या वाऱ्याला उभं राहू देईना. भिंगरी मातीत लोळली, कॉफी सांडली, हात फ्रॉकला पुसले. आत्या दात-ओठ खात बघत राहिली. चौथ्या दिवशी बाईंनी फ्रॉक हुंगून "उत्तम" असा शेरा दिला आणि पार्सल गेलं.

"माझं काही नेलं नाहीस ना तू?" चष्मेवाल्याने त्या संध्याकाळी फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुझ्यासाठी पार्सलमध्ये वेगळी डबी पाठवलीय," बायको म्हणाली. "आधी ती हुंग. शर्ट नंतर."

पार्सल आलं. आईने मळवलेल्या तसल्याच दुसऱ्या निळ्या शर्टात भिंगरीने तोंड खुपसलं, ते बराच वेळ बाहेर काढलंच नाही.  शर्टाखाली चष्मेवाल्याच्याच दुकानातली चष्म्याची डबी होती. त्याने उघडली. आत बोळ्यावर सर्दीचं मलम, चांगलं चमचाभर.

"बाबा, आता तू," भिंगरी म्हणाली. तिने त्याला सतरंजीवर बसवून डोळ्यांवर रुमाल बांधला. त्याने मलम ओढलं. डोक्यात कुठेतरी खिडकी उघडावी तसं झालं आणि बारा महिन्यांचं बंद नाक मोकळं झालं. मग त्याच्या तोंडावर मऊ कापड आलं.

ग्रीस होतं. पेपरमिंट होतं. आणि तिसरं काहीतरी, ज्याला त्याच्याजवळ शब्द नव्हता, पण रोज संध्याकाळी दार उघडताना ते त्याच्या अंगावरून आत येत असणार.

"ओळख, कोण?"

त्याने पुन्हा कापड हुंगलं, तर नुसती सुरसुर झाली. नाक पुन्हा बंद झालं होतं.

"मलम संपलं का रे?" आत्याने विचारलं.

"नाही ताई," तो रुमालाआडून म्हणाला. "मलम भरपूर आहे."

आत्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि हातात एक स्वच्छ धुतलेला रुमाल ठेवला.