बिनचेंडूचे ढोमणे

आमचे शेजारी ढोमणे रोज संध्याकाळी मागच्या बागेत गोल्फ खेळतात, आणि त्या खेळात चेंडू नसतो.

बाकी सगळं असतं. डाव्या हातात पांढरा मोजा, पायात खिळ्यांचे बूट, डोक्यावर टोपी. आधी गवताच्या चार काड्या तोडून हवेत सोडतात आणि वारा बघतात. मग हिरवळीवर एका जागी, जिथे काहीही नसतं, तिथे रोखून बघत उभे राहतात. गुडघे जरा वाकलेले, पार्श्वभाग जरा मागे. काठी मागे जाते, सुंईकन खाली येते, आणि ढोमणे कपाळावर आडवा हात धरून पश्चिमेकडे बघत राहतात. तिकडे आमच्या ओळीतल्या शेवटच्या घराचं धुराडं आहे. चेंडू त्यावरून जातो, पुढे कालव्यावरून जातो आणि कुठेतरी किल्डेअरच्या शेतात पडतो. तो पडेपर्यंत ढोमणे हलत नाहीत. भुरभुर पावसात चष्म्याच्या जाड काचांवरून पाणी ओघळत असतं, तरी त्यांना तो दिसतो.

"पडला," ते म्हणतात. "जरा डावीकडे गेला. पण ग्रँड." ग्रँड म्हणजे इकडच्या बोलीत ठीकच.

आम्ही पाच वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये लिक्सलिपला राहायला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी हा प्रकार बघितला. पलीकडच्या नोराबाईंनी मला हळूच विचारलं, "युवर मॅन, इज ही ऑलराइट?" युवर मॅन म्हणजे इकडे नुसतं 'तो माणूस'. भारतातला माणूस म्हणून त्याचा खुलासा मीच करावा, अशी त्यांची अपेक्षा होती. मी कुंपणापाशी गेलो आणि सरळ विचारलं, "तुम्ही काठी फिरवता, पण चेंडू कुठे आहे?"

"भाऊ, काठी गुराख्याची. ह्याला क्लब म्हणतात," ते म्हणाले. "आणि चेंडू फार नंतरची गोष्ट आहे."

मी बार्शी तालुक्यातल्या एका गावचा. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी संधी मिळेल तिथे सांगतो. पण आमच्या कॉलेजात गोल्फ नव्हता. त्यामुळे चेंडू नंतरची गोष्ट असेलही, असं समजून मी परत फिरलो.

ढोमणे नागपूरचे. क्लोनडॉकिनच्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. आता, प्रोजेक्ट मॅनेजर माणसाला संध्याकाळी पाचला घरी सोडणं धोक्याचं असतं, कारण तो घरालाच प्रोजेक्ट करतो. वाढदिवस, दाताच्या डॉक्टरकडे जाणं, दिवाळीच्या चकल्या, सगळ्याची ढोमणे कॅलेंडरमधून रीतसर आमंत्रणं धाडतात. सुनीतावहिनी स्वयंपाकघरात उभ्या असतात, ढोमणे बैठकीत, मध्ये एक दार. तरी वहिनींच्या फोनवर टिंग वाजतं: 'पोह्यांबाबत चर्चा, सव्वाआठ ते साडेआठ.' वहिनी 'अ‍ॅक्सेप्ट' दाबतात आणि दारातून ओरडून सांगतात, "पोहे झाले आहेत. गिळा."

तर ह्या वर्षी जानेवारीतच ढोमण्यांनी ऑगस्टची सहल आखायला घेतली. स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या, म्हणजे कपाटाच्या, दाराला आतून आयर्लंडचा नकाशा चिकटवला. हळद काढायला कपाट उघडावं, तर आधी देश समोर यायचा. त्यावर तीन पांढऱ्या टाचण्या: एक स्लायगोला, एक क्लेअरला, एक केरीला. तिन्ही समुद्रकाठची गोल्फची मैदानं. बाकी सगळी सहल ह्या तीन खिळ्यांना दोरीसारखी बांधलेली. मंगळवारी गोल्फ, बुधवारी समुद्रातले उंच कडे आणि सील मासे, गुरुवारी गोल्फ, शुक्रवारी आइस्क्रीम आणि पडका किल्ला, शनिवारी गोल्फ.

"लग्नाला एकवीस वर्षं झाली," वहिनी मला म्हणाल्या, "इतक्या प्रेमानं माझ्याकडे कधी पाहिलं नाही, जितकं त्या केरीकडे पाहून राहिले."

आमच्या लहानपणी सुट्टी म्हणजे मामाच्या गावी जाणं. एसटीत बसलं की आखणी संपली. त्यामुळे ढोमण्यांचा सहलीचा तक्ता बघून मला घेरी यायची. त्यात वाऱ्याला स्वतंत्र रकाना होता. भरती-ओहोटीला होता. 'चहा (थर्मास)' आणि 'चहा (विकत)' असे दोन वेगळे रकाने होते. तिन्ही गोल्फच्या वेळा मात्र दोन माणसांच्याच नावे घेतलेल्या: ढोमणे आणि ईरा.

ईरा त्यांची एकुलती एक मुलगी, अठरा वर्षांची. सप्टेंबरात ती शिकायला समुद्रापलीकडे एडिनबराला जाणार होती. म्हणजे ही तिघांची एकत्र अशी शेवटची सहल. हे ढोमणे तोंडाने कधी बोलले नाहीत, पण तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी लिहून ठेवलं होतं: 'ह्यानंतर तारखा जुळणं अवघड.'

आमंत्रण गेलं. ईरा वरच्या खोलीत होती. एका मिनिटात उत्तर आलं: डिक्लाइन्ड.

ढोमण्यांनी मजकूर सुधारून परत पाठवलं. परत डिक्लाइन्ड, आणि खाली शेरा. तो त्यांनी मला कुंपणावरून वाचून दाखवला. ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इकडच्या इंग्रजीत. "डॅड, इट्स अ गोल्फ ट्रिप विथ अ फॅमिली स्टक टू इट. आय अ‍ॅम ग्रँड हिअर, थँक्स."

"स्पष्ट बोलते," मी म्हटलं.

"प्रश्न विचारून राहिली नाही ना, तोवर आशा आहे," ढोमणे म्हणाले. "क्लायंट प्रश्न विचारायला लागला की संपलं."

"मग गोल्फ काढून टाका की. पोरगी येईल."

ते चष्मा पुसत बसले. "गोल्फ काढला तर काय उरतं, भाऊ? गाडीत ती कानात ते घालते. हॉटेलात तिचा फोन. जेवताना तिची आई बोलते. गोल्फमध्ये चार तास एका माणसाबरोबर चालायचं असतं. फोन बंद ठेवायची पाटीच असते तिथे."

जूनमध्ये तिसरं आमंत्रण गेलं. ह्या वेळी उत्तर आलं: टेन्टेटिव्ह. ढोमणे त्या संध्याकाळी बागेत एकामागून एक वीस चेंडू किल्डेअरला पोचवून आले.

मी सहलीत कसा आलो, तर माझ्याकडे सात जणांची गाडी आहे, आणि बायको-मुलं सुट्टीला बार्शीला गेलेली. "एकटे मॅगी खात बसाल," वहिनी म्हणाल्या. शिवाय ईरा खरंच खेळायला आली नाही, तर पर्यायी माणूस म्हणून तक्त्यात माझं नाव होतं. रकान्याचं नाव 'जोखीम'.

स्लायगोला तीच वेळ आली. ईरा समुद्रावर गेली, आणि मी ढोमण्यांबरोबर. माझं काम एकच, चेंडू कुठे पडतो ते बघायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ढोमण्यांना खऱ्या चेंडूसमोर उभं राहिलेलं बघितलं. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं हसं होणार. पण त्यांनी असा मारला की शिट्टीसारखा आवाज झाला. ते कपाळावर हात धरून बघत राहिले.

"कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाला चाळीस पावलांपलीकडचं काही दिसत नाही.

मी बोट दाखवलं. आम्ही चालत गेलो. तो समुद्रपक्षी निघाला. पुढच्या वेळी मी पळत जाऊन काहीतरी पांढरं उचललं. "भाऊ, ही अळंबी आहे," ढोमणे शांतपणे म्हणाले. पाचव्या भोकापर्यंत सात चेंडू हरवले आणि मागे लोकांची रांग लागली. आम्ही परत आलो. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त गाडीत बसताना म्हणाले, "नजर लागते त्याला. सवयीची गोष्ट आहे."

क्लेअरला ईरा मैदानाच्या गाडीतळापर्यंत आली, आणि गाडीतच बसून राहिली. ढोमण्यांनी बाहेरून काच खाली करायला लावून विचारलं, "येतेस?"

"टेन्टेटिव्ह," ती म्हणाली, आणि काच वर केली. ढोमणे त्या दिवशी खेळलेच नाहीत. गाडीच्या बोनेटला टेकून चार तास उभे राहिले. काचेच्या आत ती, बाहेर ते.

शनिवारी केरीला पोचलो तर मैदानच नव्हतं. धुकं होतं. समुद्रावरून आलेलं, म्हशीच्या दुधासारखं दाट. ढोमण्यांच्या तक्त्यात वाऱ्याला रकाना होता, पावसाला होता, धुक्याला नव्हता. क्लबचा म्हातारा माणूस दारात उभा होता. "सॉफ्ट डे," तो म्हणाला, म्हणजे जरा ओलसर दिवस. धुकं उठेपर्यंत चेंडू मारायला बंदी, कुणाच्या तरी डोक्यात बसेल. कदाचित तासाभरात उठेल. कदाचित सोमवारी.

आम्ही चौघं पहिल्या भोकाजवळच्या बाकांपाशी थांबलो. वहिनींनी थर्मास उघडला, चिवडा काढला. ईरा पलीकडच्या बाकावर टोपी ओढून बसली होती. ढोमणे धुक्याकडे बघत उभे होते, स्टेशनवर शेवटची गाडी सुटल्यावर माणूस रुळाकडे बघतो तसे.

"हिला आणलं ना इकडे तेव्हा सहा वर्षांची होती," वहिनी मला हलक्या आवाजात म्हणाल्या. "कोणी ओळखीचं नाही. दर शनिवारी हे तिला त्या छोट्या मैदानावर घेऊन जायचे. तीच यांचे डोळे. हे मारायचे, आणि ही ओरडायची, 'बाबा, तिथे! झाडाखाली!' मग दोघं शोधत जायचे. सहा वर्षं एक चेंडू हरवला नाही. मंग ती मोठी झाली, मैत्रिणी झाल्या, यायची बंद झाली. त्या दिवसापासून यांनी चेंडू काढला नाही पेटीतून. मी म्हटलं, एकटे जा ना. तर म्हणे, पडला कुठे हे सांगणारं कोणी नाही, मारून काय करू."

पाच वर्षं मी ह्या माणसावर कुंपणावरून हसत होतो.

ढोमणे म्हाताऱ्याकडे गेले. "चेंडू नाही मारला तर?" त्यांनी त्याला इंग्रजीत विचारलं. "नुसतंच?"

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे बघितलं, धुक्याकडे बघितलं. "नो बॉल? वर्क अवे, सो," म्हणाला. म्हणजे, करा काय करायचं ते.

ढोमण्यांनी गवताच्या काड्या सोडल्या. त्या सरळ खाली पडल्या. ते उभे राहिले, गुडघे वाकवून, जिथे काहीही नव्हतं तिथे रोखून बघत. क्लब मागे गेला, सुंईकन आला. कपाळावर आडवा हात गेला. आणि ते थांबले. घरी चार क्षणांत पडणारा चेंडू आज पडेना. पांढऱ्यात पांढरं. त्यांचा हात कपाळावरच राहिला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आज त्यांना तोही दिसत नाहीये.

"डावीकडे गेला, बाबा."

ईरा टोपी मागे सारून उभी होती. "त्या काटेरी झुडपात. मी बघितला."

ढोमणे वळले नाहीत. कपाळावरचा हात तेवढा खाली आला. मग म्हणाले, "झुडपात नाही. अलीकडे."

"नाही हो. झुडपात. चला, दाखवते."

तिने त्यांची गोल्फची पिशवी खांद्याला लावली आणि दोघं चालू लागली. दहा पावलांवर त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग पाठी, मग टोप्या. नुसते आवाज उरले. आम्ही बाकावर बसून ऐकत होतो. चेंडू सापडला, आणि तो कुठे होता ह्यावरून भांडण झालं. मग पुन्हा सुंईकन आवाज. "बाबा, पाण्यात!" "पाणी इथे कुठलं?" "धिस इज माय बॉल टू, ओके? पाण्यात." मग हसणं. मग आणखी लांबून एडिनबरा, वसतिगृह, भीती असले शब्द तुकड्यातुकड्यांत येऊ लागले, तेव्हा वहिनी उठल्या आणि मला म्हणाल्या, "चला गायकवाडभाऊ, आपण आत बसू. त्यांचं त्यांना बोलू द्या."

चार तासांनी दोघं परत आली, नखशिखान्त भिजलेली. धुकं तसंच होतं. एकही चेंडू हरवला नव्हता.

संध्याकाळी ढोमण्यांनी मला फोन दाखवला. शनिवारचं आमंत्रण. त्यापुढे लिहिलं होतं: अ‍ॅक्सेप्टेड.

"मीटिंग होऊन गेल्यावर केलं," मी म्हटलं.

"चालतं," ते म्हणाले.

ईरा सप्टेंबरात गेली. कपाटाच्या दारावरचा आयर्लंडचा नकाशा गेला, तिथे मोठा नकाशा आला, त्यात समुद्र आहे आणि समुद्रापलीकडे एक टाचणी. ढोमणे अजूनही रोज संध्याकाळी बागेत येतात. मोजा, बूट, टोपी, गवताच्या काड्या. फक्त पूर्वी ते पश्चिमेकडे मारायचे. आता ईशान्येकडे तोंड करून उभे राहतात, त्यामुळे रोजचा चेंडू माझ्या बागेवरून जातो.

परवा मी कपडे वाळत घालत होतो. सुंईकन आवाज आला. मी सवयीने मान खाली घेतली, चेंडू जाऊ दिला, आणि कुंपणापाशी गेलो. ढोमणे चष्मा पुसत होते. कपाळावर हात नव्हता.

"पोचला का?" मी विचारलं.

"लांब आहे, भाऊ," ते म्हणाले. "पडला की ती सांगेल."