लेटेस्ट दाढ

दातांच्या दवाखान्यांना फुकट मिळणाऱ्या एका मुक्त सॉफ्टवेअरमध्ये किरकोळ दोष होता. ते डावी दाढ उजवीकडे दाखवत असे. उजवी दाढ डावीकडे दाखवत असल्यामुळे एकूण दाढांची बेरीज बरोबर यायची, आणि म्हणून बराच काळ कुणाला काही खटकलं नाही. खटकलं ते जो प्रोग्रामर हे सॉफ्टवेअर सांभाळत असे, त्याच्या वहिनीला. ती दंतवैद्य होती.

"भाऊजी, तुमच्या त्या फुकटच्या वस्तूपायी आज एका शिक्षिकेची धडधाकट दाढ गेली असती," तिनं फोन करून सांगितलं. "मी तोंडात डोकावले म्हणून वाचली. पलीकडच्या दवाखान्यात तर डोकावणंच बंद झालंय. ते स्क्रीन बघतात आणि पक्कड उचलतात."

प्रोग्रामरनं लगेच दोष काढला. एक ओळ बदलावी लागली. आता ती दवाखान्यांपर्यंत पोचवणं एवढंच उरलं होतं.

इथे व्यवस्था समजून घेणं आवश्यक आहे. सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं सामान एका सीलबंद डब्यात भरतात. त्या डब्याला कंटेनर इमेज म्हणतात आणि त्यावर टॅग नावाची चिठ्ठी चिकटवतात. दवाखाने डबा बघत नाहीत, चिठ्ठी सांगून मागवतात. आणि सगळे एकच चिठ्ठी सांगतात, 'लेटेस्ट'. ही चिठ्ठी आपोआप नव्या डब्यावर जात नाही. कुणीतरी ती उचलून चिकटवावी लागते. तो अधिकार टॅग समितीकडे होता. समितीनं अधिकार फार जपून वापरल्यामुळे 'लेटेस्ट' ही चिठ्ठी सगळ्यात जुन्या डब्यावर होती.

समितीचे अध्यक्ष निवृत्त लेखापरीक्षक होते. पाठीमागे त्यांना सगळे कलमकाका म्हणत.

"नियम साधा आहे," ते म्हणाले. "पुष्कळ दवाखान्यांनी वापरूनही ज्याच्याविरुद्ध एकही तक्रार शिल्लक नाही, तो डबा स्थिर. स्थिर डब्यालाच 'लेटेस्ट' लागतं."

"पण काका, दवाखाने फक्त लेटेस्टच घेतात. चिठ्ठी लागल्याशिवाय ते नवा डबा वापरणार कसे?" प्रोग्रामरनं विचारलं.

"ते मला विचारू नका. मी नियम केलाय, दवाखाना काढलेला नाही."

"आणि जुन्याविरुद्ध तक्रारी नाहीत?"

"एकही नाही."

हे खरं होतं. तक्रार आली की 'कृपया लेटेस्ट वापरून पाहा' असं उत्तर आपोआप जाई आणि तक्रार बंद होई. तक्रारदार लेटेस्टच वापरत असे, हा त्याचा खाजगी प्रश्न होता.

वहिनीनं नवा डबा स्वतःच्या दवाखान्यात लावून दाखवला. दाढा जागच्या जागी दिसू लागल्या. मात्र एका रुग्णानं खुर्ची करकरते असं लिहून कळवलं. तक्रार ती तक्रार, असं म्हणून समितीनं चाचणी पहिल्यापासून सुरू केली. पुढे तडजोड म्हणून नव्या डब्याला 'लेटेस्ट-खरं' ही चिठ्ठी मिळाली. यात जुन्याचा अपमान होतो असं एका सदस्याला वाटल्यानं नव्याची चिठ्ठी बदलून 'लेटेस्ट-खरं-बहुधा' अशी केली. दुसऱ्या सदस्यानं सिद्ध केलं की स्क्रीन आरशात पाहिली तर बाजू बरोबर दिसते, म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नसून बघणाऱ्याचा आहे. त्याचे आभार मानण्यात आले. समितीवरचे वापरकर्त्यांचे प्रतिनिधी कवळ्या बनवण्याचा व्यवसाय करत. घाई करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि मग कलमकाकांची दाढ दुखू लागली. ते वहिनीकडेच आले.

"काका, किडलीय ती डावी," ती तोंडात बघून म्हणाली.

"स्क्रीन काय म्हणते?"

"माझी म्हणते डावी. माझ्याकडे भाऊजींचा नवा डबा आहे."

"त्यावर चिठ्ठी?"

"लेटेस्ट-खरं-बहुधा."

"बहुधावर मी दाढ काढून घेऊ? लेटेस्ट काय म्हणतं ते सांगा."

"उजवी. पण काका, गाल तुमचा डावा सुजलाय."

"सूज हा माझा वैयक्तिक अनुभव झाला. उजवी काढा."

"मी नाही काढणार. उद्या माझ्याच नावानं बोंब माराल."

ते उठले आणि पलीकडच्या दवाखान्यात गेले. तिथे सगळं नियमानुसार झालं.

संध्याकाळी दोन्ही गाल धरून, आळीपाळीनं एकेक हात सोडवून घेत, त्यांनी तक्रार टाईप केली. उत्तर तत्काळ आलं. कृपया लेटेस्ट वापरून पाहा. तक्रार बंद झाली.

पुढच्या बैठकीत, खुद्द अध्यक्षांनी वापरूनही एकही तक्रार शिल्लक नसल्याची नोंद घेऊन जुना डबा पुन्हा स्थिर ठरवण्यात आला. ठराव एकमतानं झाला. अध्यक्षांनी मान हलवली. बोलणं त्यांना जमत नव्हतं. प्रोग्रामरनं बदललेली ओळ अजून नव्या डब्यातच आहे.

आपण हे हसत वाचलं असेल. मागच्या खेपेला आपल्या दंतवैद्यानं 'कुठली दुखतेय?' असं आपल्याला विचारलं होतं, की स्क्रीनकडे बघून सुरुवात केली होती? आणि त्यावर आपण काय म्हणालात? तोंड तर उघडंच होतं.