अठरा मिलिमीटरांचा कोप

आमच्या आंब्याच्या बागेतला जुना छोटा ट्रॅक्टर माझी जाऊ मथुरा हिने किल्ली फिरवली की सुरू होतो. बागेचे काम पाहणारा भागोजी याने फिरवली की सुरू होतो. मी फिरवली की होत नाही.

मी रत्नागिरीत एकतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले आहे. त्यामुळे हा प्रकार लक्षात येताच मी खळ्यात उभी राहून जाहीर केले, "स्टार्टर मोटर बिघडली आहे. आठ दिवसांत कारण शोधून दाखवते!"

"शोधायचं काय त्यात, बाई?" भागोजी शांतपणे म्हणाला. "यंदा राखणदाराला नारळ नाय दिलात. त्यो कोपलाय."

बागेचे रक्षण करणाऱ्या अदृश्य राखणदाराला दरवर्षी नारळ द्यायचा आणि मोठ्याने गाऱ्हाणे घालायचे, ही आमच्या वाडीची रीत; तिला राखण म्हणतात. यंदा बागेचा कारभार माझ्याकडे आला आणि मी ती बंद केली. मी पुराव्यावर चालणारी बाई आहे. काजूच्या पाल्यात विषारी फुरसे निघाले, तेव्हा वाडीने हात जोडले. मी त्याच दिवशी गुडघाभर उंचीचे रबरी बूट आणले!

"आणि आठ दिवसांत नाही सापडलं तर?" मथुरेने विचारले. तिला असे प्रश्न फार वेळेवर सुचतात.

"तर नवव्या दिवशी सगळ्या वाडीसमोर मी नारळ धरून उभी राहीन, आणि मी असेपर्यंत राखण चालू! पण सापडले, तर राखण कायमची बंद!"

"ऐकलंस ना रे भागोजी?" मथुरा म्हणाली.

वाडीनेही ऐकले.

मी नोंदवही उघडली. बॅटरी: बारा पूर्णांक सहा व्होल्ट, उत्तम. अर्थिंगच्या तारेवर खाऱ्या वाऱ्याने चढलेला हिरवा थर खरवडून काढला. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टरला वीज मिळू न देणारी एक कळ असते. ती बोटाने दाबून तपासली, निर्दोष. मग ट्रॅक्टरवर चढले, क्लच दाबला, किल्ली फिरवली. हजेरीत नाव पुकारूनही मागच्या बाकावर तोंड लपवणाऱ्या विद्यार्थ्यासारखा तो गप्प!

"सरा, जाऊबाई. माझी भाकरी तव्यावर आहे," म्हणत मथुरा वर चढली. किल्ली. धडधडधड!

"तू नेमके काय केलेस?"

"किल्ली फिरवली."

"मीही तेच केले!"

"मग तुमच्या अंगातच करंट नसेल!"

चौथ्या दिवसापर्यंत मथुरेचे चौदा प्रयत्न झाले, चौदा यशस्वी. माझे चौदा, शून्य यशस्वी. नाणेफेकीत असे घडले असते, तर मी नाणे जप्त केले असते. एव्हाना मोहोरावर तुडतुडे आले होते आणि फवारणीचा पंप याच ट्रॅक्टरवर चालतो. बागेच्या टोकाला इंजिन बंद पडले, की मी फोन करायची आणि मथुरा हाताचे पीठ झटकत अर्धा कातळ तुडवत यायची. येताना वाटेत भेटेल त्याला "जाऊबाईंचा ट्रॅक्टर उठवायला निघाले" असे सांगत यायची!

पाचव्या दिवशी शहरातून राजेंद्र मेकॅनिकला बोलावले. त्याने चपला खाली काढल्या, वर चढून किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू! दसऱ्याला पुजलेले यंत्र म्हणून आमच्याकडे बाकी कोणीही पायताण घालून ट्रॅक्टरवर चढत नाही. हा श्रद्धेचा भाग असल्यामुळे मी तो नोंदवहीत घेतला नाही.

"मॅडम, बिघाड कुठाय?"

"मी बसले की येतो."

राजेंद्रने भागोजीकडे पाहिले. भागोजीने आभाळाकडे पाहिले. तरीही माझ्या आग्रहाखातर राजेंद्रने स्टार्टर उतरवला, उघडला, आतले कार्बन ब्रश बदलले आणि परत बसवला. मी चढले. स्मशानशांतता!

"मॅडम, नारळ देऊन टाका."

"तुम्ही आयटीआय झालात ना हो!"

"झालोय की. तिथंपण द्यायचो."

आठवा दिवस मावळला. नवव्या दिवशी सकाळी वाडी जमली. मला बूट काढून, नारळ हातात धरून ट्रॅक्टरपुढे उभे करण्यात आले आणि भागोजीने सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! ही बाई शिकलेली हाय. पुस्तकं जरा जास्तच वाचली गेली असतील..."

"व्हय म्हाराजा!" वाडी एकमुखाने गरजली. मथुरेचा आवाज सर्वांत वर होता.

"...तर ती चूक पोटात घाल आनि तिच्या हाताला यश दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. मी तशीच वर चढले, क्लच दाबला आणि अपयशाची खात्री बाळगून किल्ली फिरवली.

धडधडधड!

भागोजीने डोळे पुसले. मी इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले. झाले! पाच वेळा, पाचही वेळा झाले!

"हा पुरावा नव्हे!" मी ओरडले. "योगायोग आहे!" इंजिन बंद करून खाली उतरले, तणतणत बूट चढवले आणि पुन्हा वर बसून किल्ली फिरवली.

शांतता.

वाडीने एकदम कानांना हात लावले. "मनात परत शंका आणलीत ना, बाई!" भागोजी कळवळला.

मी मात्र माझ्या डाव्या पायाकडे पाहत होते. बूट काढला: सुरू. घातला: बंद. काढला: सुरू. दहा वेळा! मग मोजपट्टी मागवली, ट्रॅक्टरखाली वाकले, आकडे घेतले आणि विजयी मुद्रेने उठले.

"सापडले! शुद्ध यांत्रिक कारण! यात कोपाचा काडीचाही संबंध नाही!"

मथुरेने सगळे शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे पायातलं काढून वर बसलं, की चालू होतो."

"अगदी बरोबर!"

"मग आम्ही दुसरं काय करत होतो?"

"आनि बाई," भागोजीने नम्रपणे आठवण करून दिली, "आठ दिवस काल संपले."

तेव्हा पुढल्या वर्षीही राखण आहे. नारळ मी आणायचा, असे ठरले आहे. नोंदवहीतली शेवटची नोंद मात्र मी कोणालाही बदलू देणार नाही. ती अशी: बुटाचा रुंद तळवा पेडलच्या शेजारच्या पत्र्यावर टेकतो. त्यामुळे क्लच अठरा मिलिमीटर कमी दाबला जातो, कळ लागत नाही आणि स्टार्टरला वीज मिळत नाही. स्टार्टर निर्दोष आहे. बूट माझे आहेत.