लाकूड रुळेपर्यंत

माणूस कुठेही रुळतो. लाकडाचं तसं नसतं. परदेशी कठीण लाकडाचं तर नाहीच नाही.

बाबांना हे मिस्त्रीकडून कळलं. बाबा म्हणजे तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ, मुक्काम मुलाकडे. त्यांच्या खिडकीतून डेपोचं फाटक दिसायचं आणि संध्याकाळची सव्वासातची गाडी वेळेवर सुटते की नाही, यावर त्यांची देखरेख असे. (डेपोला याची कल्पना नव्हती.)

मुलाने दिवाणखान्यात आणि बाबांच्या खोलीत लाकडी फरशी करायचं ठरवलं. लाकूड इतकं कणखर, की खिळा वाकतो. इतकं हळवं, की चहाचा थेंब मनाला लावून घेतं. (अशी माणसंही असतात, पण ती चौरस फुटाने आणत नाहीत.) मिस्त्रीने ओलावा मोजायचं यंत्र घरभर फिरवलं आणि सांगितलं, की फळ्या आल्या आल्या ठोकायच्या नाहीत. इतक्या लांबून आलेलं लाकूड बावरलेलं असतं. पंधरा दिवस त्याला चांगल्या हवेच्या खोलीत आडवं ठेवायचं, गडबड करायची नाही. मग ते घराला आपलं म्हणतं.

सर्वांत चांगली हवा बाबांच्या खोलीत निघाली. बाबा खाटेसकट पॅसेजमध्ये आले, चपलांच्या कपाटाशेजारी. ते स्वतः या घरात आले तेव्हा त्यांना रुळायला पाऊण तास मिळाला होता आणि त्यात त्यांनी पिशवीही रिकामी केली होती.

"पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे, बाबा," मुलगा म्हणाला.

"लाकडाला सांगून ठेव," बाबा म्हणाले, "सव्वासातची सुटली की मला हाक मार म्हणावं."

सून रोज तीनदा मिस्त्रीने ठेवून दिलेलं यंत्र बघून आकडा लिहून ठेवी. हवेतला ओलावा पंचेचाळीस टक्के. एकदा बाबा चष्मा शोधायला आत गेले, तर अठ्ठेचाळीस झाला. तीनचा फरक श्वासाचा, असं निष्पन्न झालं. बाबांनी श्वास पॅसेजमध्येच घ्यावा, असं प्रेमाने ठरलं.

सोळाव्या दिवशी फळ्या बसू लागल्या. मिस्त्री भिंतीच्या कडेने बोटभर फट सोडत होता. बाबांनी दारातूनच विचारलं, ही कशाला?

"लाकूड फुगतं, काका. हातपाय पसरायला जागा ठेवावी लागते. नाही ठेवली तर उठून बसतं."

"शहाणं आहे," बाबा म्हणाले.

काम संपलं. बाबांनी उशी काखेत मारली आणि खाट आत घ्या म्हणाले. तेव्हा मिस्त्रीने शेवटची सूचना दिली. हे लाकूड उजेडाने हळूहळू गडद होतं. जिथे काही ठेवाल तेवढी जागा फिकी राहते. म्हणजे खोलीच्या मधोमध खाटेच्या आकाराचा डाग. खाट रोज सरकवावी तर ओरखडे. तेव्हा सहा महिने खोली मोकळी ठेवणं बरं. घाई केलेली लाकडाला चालत नाही.

बाबांच्या काठीचाही विचार झाला. लोखंडी टोकाने खड्डा पडतो, रबराने काळी रेघ उमटते. म्हणून काठीला लोकरीचा मोजा घातला. तो घालून बाबांना पॅसेजमध्ये कुठेही फिरायची मोकळीक होती.

रविवारी संध्याकाळी फरशी बघायला माणसं आली. सगळ्यांनी पॅसेजमध्ये चपला काढल्या; बाबांनी पाय पोटाशी घेऊन जागा करून दिली.

तुम्हीही आला होतात. दोन्ही खोल्यांत वाकून फळ्यांवरून हात फिरवलात, लाकूड कोणत्या देशाचं म्हणून विचारलंत. बाहेर आल्यावर बाबांनी तुम्हाला विचारलं, खिडकीतून सव्वासातची सुटलेली दिसली का. तुम्ही म्हणालात, खिडकीकडे लक्षच गेलं नाही, आजोबा, फरशीच इतकी सुंदर आहे.

मग त्यांच्या उशाशी सापडलेली चप्पल पायात सरकवून तुम्ही घरी गेलात आणि आपल्या घरात सर्वांत चांगली हवा कोणत्या खोलीत आहे, ते बघू लागलात. तिथे सध्या कोण झोपतं, हेही.