सात तळ्यांचा नकाशा

गणिताच्या बाईंच्या पाठीवरचा सोरायसिस वाढतोय की कमी होतोय, यावर नवराबायकोचं एकमत होत नव्हतं. नवरा म्हणायचा वाढतोय, बाई म्हणायच्या कमी होतोय. बाईंना स्वतःची पाठ दिसत नव्हती आणि नवऱ्याला दिसत असली तरी दुखत नव्हती, त्यामुळे दोघांच्याही साक्षीत खोट होती.

"तुम्ही आधी घरी ठरवून या," त्वचेचे डॉक्टर वैतागून म्हणाले. "महिनाभर नीट लक्ष ठेवा. कमी होत असेल तर हेच औषध चालू. नसेल तर बंद करून दुसरं काहीतरी बघू."

बाईंना ते औषध सोडायचं नव्हतं. अकरा वर्षांत हे पहिलंच औषध होतं, ज्यानं त्यांना सलग पाच तास झोप लागत होती. ते बंद झालं तर पुन्हा त्याच भेगा, तीच आग आणि कपड्याची शिवणसुद्धा करवतीसारखी लागणं.

आता नवरा होता जमीन मोजणी खात्यात मोजणीदार. लोकांच्या हद्दी ठरवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, आणि बायकोच्या पाठीवर नेमकं काय चाललंय हे आपल्याला सांगता येऊ नये, हे त्याच्या मनाला फार लागलं. शिवाय खरं सांगायचं तर त्याला कमालीचं कुतूहलही होतं. डाव्या खांद्याखालचा चट्टा उजवीकडेच का सरकतो? मधले दोन एकमेकांना का भेटत नाहीत?

"फोटो काढू या का?" त्यानं विचारलं.

"अजिबात नाही. फोनमधला फोटो कुठं जाईल नेम नाही. कागद कसा, घरातच राहतो. आणि माझं नाव, आजाराचं नाव, काही लिहायचं नाही हं!"

बाईंचा हा धसका जुना होता. एकदा शिक्षकांच्या खोलीत त्यांचं कोपर दिसलं आणि शेजारच्या बाईंनी आपला कप हळूच लांब सरकवला. सोरायसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे सांगायला बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवसापासून पूर्ण बाह्या. नवऱ्याशिवाय कुणालाही पत्ता नव्हता.

मग मोजणीदारानं एका जुन्या फोटोफ्रेमला उभे-आडवे दोरे बांधून चौकोन पाडले. दर रविवारी बाई स्टुलावर बसून वह्या तपासायच्या आणि तो फ्रेम पाठीपासून चार बोटं लांब धरून, चौकोनाचौकोनानं ट्रेसिंग पेपरवर आकार उतरवायचा. दोरा चुकूनही टेकता कामा नये म्हणून तो श्वास रोखून काम करायचा आणि मग मध्येच इतक्या जोरात सोडायचा की बाई दचकायच्या.

"बघतेस का, किती नीट आलंय?"

"मला नाही बघायचं. अकरा वर्षं नाही बघितलं, आता कशाला?"

असे चार रविवार, चार कागद. समासात त्यानं आपल्या खात्याच्या भाषेत शेरे लिहिले: 'सातही ठिकाणी काठ लाल. पृष्ठभाग कोरडा, भेगा. स्पर्श टाळावा.' कोपऱ्यात 'मागील बाजू' आणि सवयीनं तारीख आणि सही. आता राहिलं होतं क्षेत्रफळ. ते मोजायचं यंत्र होतं ऑफिसात. सोमवारी संध्याकाळी पाचला डॉक्टरांकडे जायचं, म्हणून सोमवारी सकाळी तो चारही कागदांची गुंडाळी काखेत मारून ऑफिसात गेला. बायकोला बोलला नाही. कागद तासाभरासाठी बाहेर जाणार, त्यात काय सांगायचं?

यंत्राच्या कपाटाची किल्ली जागेवर नव्हती. गुंडाळी नकाशे काढणाऱ्या आरेखकाच्या टेबलावर ठेवून तो किल्ली शोधायला गेला. दोन मजले पालथे घालून दुपारी किल्ली मिळाली, कपाट उघडलं तर आत यंत्र नाही. यंत्र आरेखकाकडेच होतं.

या आरेखकाला सगळे शाईकाका म्हणत. टेबलावर जो कागद येईल त्याला शाई लावायची, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा शिरस्ता. बंद आकार, आत घर नाही, झाड नाही, म्हणजे पाणी. आणि पाणी म्हणजे निळं. मोजणीदार परतला तेव्हा शेवटचा नकाशा निळाशार झाला होता, काकांनी आकारांना नंबर देऊन चारही कागदांची क्षेत्रफळं काढून कोष्टक मांडलं होतं आणि तो नकाशा डोळ्यांसमोर धरून खुद्द साहेब उभे होते.

"शाबास!" साहेब म्हणाले. "चार वर्षं वरून विचारतायत, तुमच्या हद्दीतल्या तळ्यांचे नकाशे कुठं आहेत? आणि तुम्ही रविवारी रविवारी जाऊन केलंत! मी आत्ताच वर फोन करून कळवलं."

मोजणीदाराच्या तोंडचं पाणी पळालं.

"प्रमाण लिहायला विसरलात तेवढं. कुठला भाग हा?"

बायकोला दिलेला शब्द एकीकडे आणि साहेब दुसरीकडे. "घराजवळचा," तो कसाबसा म्हणाला.

"मागील बाजू, म्हणजे घरामागे? आणि स्पर्श टाळावा? पाणी दूषित आहे की काय? चला, बघूनच येऊ. काका, जीप सांगा!"

जीपमध्ये मोजणीदार नकाशा मागत होता आणि साहेब देत नव्हते.

घरामागे होतं काय? एक भिंत, कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या आणि शेजाऱ्यांच्या न्हाणीघराचा पाइप. साहेबांनी नकाशा सरळ धरला, आडवा धरला, उलटा धरला.

"तीन नंबरचं तळं इथं हवं."

तिथं बादली होती. शाईकाकांनी तिच्यात वाकून पाहिलं.

"इथून दिसत नसेल साहेब," मोजणीदार म्हणाला. "ऊन फार आहे. परत जाऊ या."

"उन्हानं तळी कशी दिसेनाशी होतील?"

तेवढ्यात बाई शाळेतून लवकर आल्या. आपल्या दोरीवरच्या टॉवेलाखाली एक साहेब, एक म्हातारा आणि भिंतीला चिकटलेला नवरा बघून त्या थबकल्या. नवऱ्याच्या डोक्यात एकच विचार होता, की आता सगळं संपलं. तिनं एवढ्या विश्वासानं पाठ दाखवली आणि आपण ती सरकारदरबारी नेली.

"या बाई," साहेब म्हणाले. "तुम्ही इथल्याच. ही तळी कुठंशी येतात हो?"

बाईंनी नकाशा हातात घेतला. निळे सात आकार, नाजूक काठ, मधली दोन अगदी जवळ येऊन थांबलेली. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"किती सुंदर आहे! कुठलं हे?"

"सुंदर कसलं, वाईट बातमी आहे," साहेब गंभीर झाले. "आटतायत बिचारी. काकांचं कोष्टक बघा. चार रविवारांत एक तृतीयांश क्षेत्र गेलं. सहा आणि सात नंबर तर पुढच्या महिन्यात दिसायचीही नाहीत."

चार रविवार. सात आकार. मागील बाजू. आणि खाली नवऱ्याची सही. बाईंना हे गणित सोडवायला फार वेळ लागला नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "एक तृतीयांश? नक्की?"

"काकांनी यंत्रावर मोजलंय," तो पुटपुटला. "माझंच चुकलं. सगळंच चुकलं."

बाई खदाखदा हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. साहेबांना वाटलं, तळ्यांवर या बाईंचा फारच जीव दिसतो.

"साहेब, ही तळी माझ्या पाठीवर आहेत," बाई म्हणाल्या. "सोरायसिस आहे मला. अकरा वर्षं झाली."

 साहेबांनी नकाशाकडे पाहिलं, मग घाईघाईनं आभाळाकडे. शाईकाकांना मात्र राहवलं नाही.

"फार दुखतं का हो पोरी?"

अकरा वर्षांत हा प्रश्न बाहेरच्या कुणी विचारला नव्हता. "कातडी दोन मापं लहान झाल्यासारखी वाटते, काका. हललं की उसवते."

"आणि मी निळी केली," काका हळहळले.

"निळीच बरी दिसते."

"पण मी वर काय कळवू?" साहेब रडकुंडीला आले. "मघाशीच सात तळी सापडल्याचं सांगून बसलोय!"

"आटतायत म्हणून कळवा," बाई म्हणाल्या. "खोटं कुठं आहे त्यात?"

पाच वाजायला आले होते. साहेबांनी, बहुधा आभाळाकडे बघून बघून मान अवघडल्यामुळे, आपणहून जीप दिली. दवाखान्यात नवऱ्यानं कागद पुढे केले. डॉक्टरांनी तो निळा नकाशा आणि कोष्टक टेबलावर पसरलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि औषध तेच चालू ठेवायचं, असं लिहून दिलं. मग त्यांना राहवेना.

"एवढं अचूक मोजलं कुणी?"

बाई खुर्चीला सावकाश पाठ टेकत म्हणाल्या, "सरकारनं."