सदोबाची बिडी

माणूस बिडी कशी ओढतो तेवढं सांगा, त्याचा अख्खा स्वभाव लिहून देतो, असं योगेश शेवगावच्या एस.टी. स्टँडवर चहा पिता पिता कुणालाही सांगायचा. स्वतः त्यानं उभ्या जन्मात बिडी ओठाला लावली नव्हती. पण पोहता न येणारेच काठावरून जास्त सल्ले देतात, त्यातलाच हा प्रकार.

या सिद्धांतामागे एक दुखणं होतं. योगेश तालुक्याला एका शाळेत लेखनिक होता आणि उरलेल्या वेळात कथा लिहायचा. नगरच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी त्याच्या लागोपाठ तीन कथा परत पाठवल्या होत्या आणि तिन्हींवर लाल शाईत एकच शेरा होता, 'पात्रे लाकडी.' पहिल्यांदा त्याला राग आला, दुसऱ्यांदा जेवण गेलं नाही, तिसऱ्यांदा मात्र त्यानं ठरवलं की आता पात्रं अशी उभी करायची की पान उलटताना संपादकांना ठसका लागला पाहिजे.

म्हणून तो वही घेऊन माणसं बघायला लागला. एक जण स्वतः पेटवायच्या आधी शेजाऱ्याची पेटवून द्यायचा. योगेशनं लिहिलं, 'हा घरात थोरला असणार.' एक जण अर्धी ओढून विझवायचा आणि उरलेली कानावर ठेवायचा. 'याचा उद्यावर भरवसा आहे.' गावातले काकासाहेब तर सिगारेट कायम दुसऱ्याची ओढायचे, स्वतःच्या खिशात फक्त काडीपेटी ठेवायचे आणि ती इतक्या तत्परतेनं पुढं करायचे की देणाऱ्यालाच उपकार झाल्यासारखं वाटायचं. काकासाहेबांवर योगेशनं दीड पान भरलं.

पण खरा नमुना सापडला तो घरातच.

चार वर्षांपूर्वी योगेशच्या वडिलांना, रंभाजींना, छातीचा आजार झाला होता. नगरच्या दवाखान्यात दोन महिने काढले. सोडताना डॉक्टर म्हणाले, "बिडी आणि तुम्ही, दोघांतलं एकच घरी जाईल." योगेशची आई कलाबाई ते शब्द पदराला बांधून घरी आल्या. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळे पंचशील म्हणत होते. ते संपल्यावर त्या साऱ्या आळीसमोर नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी बिडी सोडा. मी मशेरी सोडते." तीस वर्षांची मशेरी होती ती. महिनाभर त्या डोक्याला फडकं बांधून स्वयंपाक करत होत्या. रंभाजींनीही सगळ्यांदेखत हात जोडले आणि बिडी सोडली. म्हणजे घरात सोडली.

एका रविवारी योगेश विहिरीवरची मोटार बघायला गेला, तर मोटारीच्या खोलीतून धूर येत होता. मोटार जळाली म्हणून धावला, तर आत पोत्यावर रंभाजी बसलेले.

"आयला सांगू नगंस," ते म्हणाले. "दिसाला दोनच. अन् पंचशीलात बिडीचं नाव कुठं हाय?"

चांगल्या मुलानं अशा वेळी बापाच्या हातातली बिडी काढून घेतली असती. योगेशनं वही काढली.

असलं वैभव त्यानं आजवर पाहिलंच नव्हतं. रंभाजी बिडी आधी कानाशी धरून बोटांत फिरवायचे, पानाचा आवाज कोरडा आला तरच पुढं. मग दातानं टोक दाबायचं, एक फुंकर मारायची आणि दोन्ही तळव्यांच्या खोप्यात काडी पेटवायची. पहिला झुरका आत घ्यायचा नाही, तो काडीच्या गुलाचा असतो, तो थुंकून टाकायचा. जळतं टोक मुठीत आत वळवायचं. शेवटी पेरूचा पाला चघळायचा आणि हात मातीनं घासून धुवायचे.

योगेशनं हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. बाकी बदलायचं ते बदललं. रंभाजींचा सदोबा केला, त्याला कोकणात नेऊन ठेवलं, नारळाची बाग दिली, मोटारीच्या खोलीची होडी ठेवायची झावळ्यांची शाकार केली. शेजारच्या पुंजारामकाकांनाही त्यानं सोबत नेलं. पुंजारामकाका बायकोपासून लपवून बिड्या छत्रीच्या घडीत ठेवायचे आणि म्हणून बाराही महिने छत्री घेऊन फिरायचे. पाऊस बघायला आभाळाकडं हात जोडावे लागतात अशा मुलखात ही छत्री सगळ्यांना कोडंच होती. योगेशनं तो खलाशी केला. आता जन्मदात्या आईनंही ओळखलं नसतं, अशी त्याची खात्री होती.

कथा छापून आली. संपादकांनी पत्रात लिहिलं, 'पात्रे जिवंत.' योगेशनं ते पत्र आठवडाभर शर्टाच्या खिशात ठेवलं.

आता मध्येच साक्षरता अभियान आलं. विहाराच्या ओसरीवर दुपारी बायकांचा वर्ग भरायचा आणि तो योगेशची बहीण सायली घ्यायची. बायकांची पहिली दोन पुस्तकं वाचून झाली होती आणि त्यातल्या शहाण्या कुटुंबाला त्या कंटाळल्या होत्या. सायलीला वाटलं, आपल्याच गावच्या माणसाची छापील गोष्ट वाचायला दिली तर बायांना हुरूप येईल. तिनं भावाच्या कौतुकापोटी अंक वर्गात नेला. कलाबाईही त्याच वर्गात होत्या, पहिल्या ओळीत, पाटी मांडीवर घेऊन.

शनिवारी शाळा अर्धी. योगेश दुपारी सायकलवरून गावात शिरला तर वेशीजवळ पुंजारामकाका दगडावर बसलेले. छत्री नव्हती.

"लई झ्याक लिवलंस म्हनं," पुंजारामकाका म्हणाले.

"तुम्ही वाचलं, काका?"

"आमच्या हिनं वाचलं. काल वर्गात छत्रीपातुर आली. घरी येऊन काय बोलली न्हाई, गप छत्री काढली अन् चुलीम्होरं उघडली. अकरा बिड्या पडल्या. मोजल्या तिनं."

योगेशला आधी वाईट वाटण्याऐवजी आनंदच झाला. तीन महिन्यांपूर्वी पाटीवर 'अ' गिरवणाऱ्या गोजरबाईंनी कोकणातला खलाशी वाचला आणि त्यात आपला नवरा ओळखला! कुठल्या लेखकाच्या नशिबी असले वाचक येतात? तो पुंजारामकाकांना म्हणालासुद्धा, "म्हणजे पात्र अगदी जिवंत झालं म्हणायचं."

"पात्र झालं असंल," पुंजारामकाका म्हणाले. "मी काल रातच्याला उपाशी निजलो."

मग योगेशच्या डोक्यात उजेड पडला. छत्री पहिल्या पानावर होती. दुसऱ्या पानावर सदोबा होता, आणि वर्ग रोज एकच पान वाचायचा. त्यानं सायकल अशी हाणली की विहारापाशी पोचेपर्यंत साखळी दोनदा उतरली.

ओसरीवर बायका दाटीनं बसल्या होत्या. वाचायची पाळी कलाबाईंची होती. बोट ओळीखाली सरकत होतं.

"प... हि... ला. पहिला. झु... र... का. पहिला झुरका त्यो... आत घेत नसे."

"व्हय बया," गोजरबाई म्हणाल्या. "असं कोन करतं गं? मी कुठंतरी बघितलंय."

"पे... रू... चा. पेरूचा पा... ला."

कलाबाईंचं बोट थांबलं. चार वर्षं रोज संध्याकाळी नवऱ्याच्या तोंडाला पेरूच्या पाल्याचा वास येत होता. दात दुखतो म्हणून चघळतो, असं त्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी अंक मिटला. गोजरबाईंनी पुरावा म्हणून वर्गात आणलेल्या बिड्यांतल्या दोन आणि काडीपेटी कलाबाईंनी मागून घेतली आणि त्या घराकडं चालू लागल्या. सायली भावाकडं बघत म्हणाली, "दादा, कोकणात पेरू कशाला लावलास रे?"

योगेश आईच्या मागं घरी आला. कलाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. अंक मांडीवर, बिड्या अंकावर. रडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"आये, ते सगळं मनाचं असतं," तो म्हणाला. "कथा म्हणजे कल्पना. सदोबा लाकडीच हाय तसा. मला न्हाई जमला."

"लाकडी न्हाई त्यो. मला त्याचा वास आला."

गेले वर्षभर ज्या शब्दांसाठी तो तळमळत होता ते हेच, आणि आता तेच त्याला नको झाले होते. तेवढ्यात रंभाजी शेतातून आले. हात मातीनं घासलेले, तोंडात हिरवा पाला. अंगणातच त्यांची पावलं अडखळली. वडिलांचा चेहरा बघून योगेशला जे सुचलं ते त्यानं बोलून टाकलं.

"आये, खरं सांगू? ते माझंच हाय. मीच वढतो तशी."

"तू?"

"व्हय."

"ती शाकार म्हंजी मोटारीची खोली?"

"व्हय."

"अन् पाला?"

"त्यो पन."

कलाबाईंनी एक बिडी उचलून त्याच्या हातात दिली. "वढून दाव."

ज्या विषयावर माणसानं छापील तीन पानं लिहिली, तो विषय हातात आल्यावर असा परका वाटावा! योगेशनं बिडी कानाशी धरली. काही ऐकू आलं नाही. दोऱ्याचं टोक तोंडात घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हे काही वहीत नव्हतं, म्हणून त्यानं ते बाहेर ठेवलं. पहिली काडी विझली. दुसरी बोटाला लागली. तिसरीवर बिडी एका अंगानं पेटली, आणि त्यानं पहिला झुरका, जो आत घ्यायचा नसतो, तो थेट बेंबीपर्यंत घेतला. पुढची दोन मिनिटं तो ओसरीच्या खांबाला मिठी मारून खोकत होता.

रंभाजी हे सगळं बघत होते. कुणी बैलाला शेपटीकडून जुंपावं आणि जाणत्या माणसानं गप्प उभं राहावं, तशी त्यांची अवस्था झाली होती. पहिल्या काडीला त्यांनी डोळे मिटले. दुसरीला "च्" केलं. तिसरीला मात्र त्यांच्यानं राहवलं नाही.

"आरं उलटी धरलीस! आन हिकडं."

त्यांनी अंकावरची दुसरी बिडी उचलली. कानाशी धरून फिरवली. टोक दातानं दाबलं, एक फुंकर मारली. दोन्ही तळव्यांच्या खोप्यात काडी पेटली. कलाबाईंनी अंक उघडला होता, आणि नवऱ्याच्या हातांबरोबर त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं. रंभाजींनी पहिला झुरका थुंकला, जळतं टोक मुठीत वळवलं आणि मुलाला म्हणाले, "ही अशी."

"वळ न वळ बरुबर हाय," कलाबाई म्हणाल्या.

रंभाजींनी स्वतःच्या मुठीकडं बघितलं. मुठीतून धूर येत होता.

"तीस वरसाची मशेरी सोडली मी," कलाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "डोकं फुटायचं माझं. तवा मनाला म्हनायची, फुटू दे, म्हातारा जगतोय न्हवं? मला काय पायजे हुतं दुसरं?"

योगेशला स्वतःचीच लाज वाटली. बापाच्या हातात बिडी दिसली तेव्हा आपण कागद शोधला, हे त्याला आत्ता, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आल्यावर दिसत होतं.

कलाबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "पुढं काय हुतं सदोबाचं?"

शेवट योगेशला फार आवडला होता. संपादकांनाही आवडला होता.

"काय हुतं रं?" रंभाजींनीही विचारलं.

"मरतो."

"कशानं?"

"खोकल्यानं. शाकारीत, एकटाच."

रंभाजींनी बिडी पाण्याच्या बादलीत टाकली. कलाबाईंनी त्यांना हातानं समोरच्या पोत्याकडं खुणावलं. "बसा. तिसरं पान माजं वाचायचं ऱ्हायलंय. तुमी ऐका."

योगेशनं सदोबाला मोजून दोन परिच्छेदांत मारला होता. कलाबाईंनी त्याला पाऊण तास लावला. त्या एकेक अक्षर जुळवत होत्या, जोडाक्षर आलं की थांबून दम घेत होत्या आणि चुकलं की ओळ पहिल्यापासून वाचत होत्या. सदोबाला एकदा ढास लागली ती चार वेळा लागली. रंभाजींचा हात हळूहळू छातीशी गेला. कपाळावर घाम आला. मध्येच त्यांनी पाणी मागितलं, आणि कलाबाई म्हणाल्या, "थांबा, त्यो पन आता पानीच मागतोय."

शेवटच्या ओळीत कलाबाई पुन्हा अडल्या. अक्षर अवघड होतं. त्यांनी बोट ठेवून दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जायला निघाल्या, तेव्हा चौथी पास झालेले रंभाजी काकुळतीला येऊन म्हणाले, "अगं मृत्यू हाय ते, मृत्यू. म्हन एकदाचं आन मोकळं कर मला."